भारुडाची कसोटी

मार्गशीर्ष अमावस्येला लातूर जिल्ह्यात आणि नांदेडच्या काही भागांत येळवस असते. रानात कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात पाच पांडव मांडले जातात, आंबील आणि भज्जीचा नैवेद्य दाखवला जातो आणि मग वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवले जाते. त्या दिवसांत शिवारात जे पिकते, शेंगेतले दाणे, पालेभाज्या, कडधान्ये, ते सारे भज्जीत एकत्र शिजते. जगातल्या एका मोठ्या काव्यप्रकाराला अशाच एका मिश्र नैवेद्यावरून नाव पडले, असे प्राचीन व्याकरणकार सांगतात. रोमन लोक नव्या पिकांच्या नाना वस्तूंनी भरलेले ताट देवापुढे ठेवीत. त्या भरलेल्या ताटाचे विशेषण होते ‘सटुरा’, आणि त्यावरूनच रोमच्या उपहासकाव्याचे नाव आले, अशी ही व्युत्पत्ती आहे. महाकाव्य, नाटक, गीत हे सारे रोमने ग्रीकांकडून घेतले. पण उपहासकाव्य मात्र पूर्णपणे आपले आहे, असे क्विंटिलियन हा रोमन शिक्षक पहिल्या शतकात अभिमानाने सांगत होता. मराठवाड्याचाही असाच एक पूर्णपणे आपला प्रकार आहे. तो म्हणजे पैठणच्या एकनाथांचे भारूड. या दोन परंपरांमध्ये दीड हजार वर्षांचे आणि दोन खंडांचे अंतर आहे, एकीला दुसरीची ओळखही नव्हती. तरीही त्या शेजारी ठेवल्या की एक प्रश्न स्पष्ट होतो, आणि तो आज आपल्या जिल्ह्यांत विचारण्याची गरज आहे. उपहासाचे नैतिक काम नेमके कोणते?

सर्वांना ठाऊक असलेले उत्तर असे की, उपहास दोष उघडा पाडतो, लोक हसतात, दोषी माणूस शरमतो आणि सुधारतो. हे उत्तर ऐकायला सोपे असले तरी अनुभवाला टिकत नाही. ज्याच्यावर लोक हसतात तो बहुधा तिथे हजर नसतो, आणि असला तर शरमण्याऐवजी चिडतो. हजर असतो तो श्रोता, आणि त्याला मात्र दुसऱ्याचा दोष पाहून आपण बरे आहोत असे वाटते. म्हणजे जो प्रकार माणूस सुधारण्यासाठी आहे असे आपण म्हणतो, तोच माणसाला स्वतःविषयी निर्धास्त करू शकतो. म्हणून मला वाटते, उपहासाचे नैतिक काम दोषी माणसाच्या बाबतीत घडतच नाही, ते हसणाऱ्याच्या बाबतीत घडते. हसू ओठावर असतानाच हा दोष आपल्याही घरात आहे हे ज्याच्यामुळे कळते, तो उपहास नैतिक. जो श्रोत्याला हसवून तसाच घरी पाठवतो, तो कितीही धारदार असला तरी करमणूकच. रोमचे चांगले कवी आणि आपले एकनाथ, दोघेही या कसोटीला उतरतात, आणि रोमचाच एक मोठा कवी जिथे ती चुकवतो तिथे त्याची कविता काळवंडते.

आधी रोमचा दाखला घेऊ. या परंपरेचा आरंभ करणारा ल्युसिलियस हा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला श्रीमंत, वजनदार माणूस होता. स्किपिओसारखा सेनापती त्याचा मित्र होता, म्हणून तो बड्या लोकांची नावे घेऊन त्यांच्यावर तुटून पडू शकला. त्याच्यानंतर आलेला होरेस (इ. स. पू. ६५ ते ८) हा मुक्त केलेल्या गुलामाचा मुलगा. त्याला ना घराण्याचा आधार होता, ना नावे घेण्याची मोकळीक. बदनामीकारक गाण्याला शिक्षा देणारा कायदा रोममध्ये बारा फलकांच्या काळापासून, म्हणजे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकापासून होता. होरेसने वेगळी वाट धरली आणि तिचे श्रेय आपल्या वडिलांना दिले. मुलाला रस्त्याने नेताना वडील एखाद्या उधळ्याकडे, एखाद्या व्यसनी माणसाकडे बोट दाखवत आणि असा होऊ नकोस असे शिकवत, हे त्याने कृतज्ञतेने लिहिले आहे. बोट दुसऱ्याकडे, पण धडा मुलाला, हीच त्याच्या उपहासाची रीत झाली. लोभी माणसाबद्दल सांगताना तो पाण्यात उभा राहून तहानलेल्या टँटॅलसची कथा काढतो, ऐकणारा हसतो, आणि त्याच क्षणी होरेस त्याच्याकडे वळून ही कथा त्याचीच असल्याचे दाखवून देतो. पुढे तर त्याने स्वतःलाही सोडले नाही. गुलामांना मालकाशी मोकळेपणी बोलण्याची मुभा असलेल्या डिसेंबरातल्या सणात त्याचा गुलाम डावस त्याला ऐकवतो की खरा गुलाम तूच आहेस, तुझ्या वासनांचा आणि बड्यांच्या आमंत्रणांचा. कवीने आपल्याच कवितेत आपल्याच नोकराच्या तोंडून स्वतःवर आरोपपत्र लिहून घेतले. त्याच्यानंतरचा पर्सियस अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. त्याची तक्रारही हीच होती की स्वतःच्या आत उतरून पाहायला कोणी तयार नाही, प्रत्येकाचे डोळे पुढे चालणाऱ्याच्या पाठीवरच्या झोळीकडे लागलेले.

एकनाथांनी (समाधी १५९९) हीच गोष्ट आणखी पुढे नेली, कारण त्यांच्या हाती लिहिलेल्या पानाऐवजी सोंग होते. भारूड नुसते वाचायचे नसते, ते उभे करायचे असते. गाणारा फाटके लुगडे नेसतो, अंगात आल्यासारखा घुमतो, आंधळ्याची काठी हाती घेतो. म्हणजे दोष दुसऱ्याला चिकटवण्याआधी भारूडकार तो स्वतःच्या अंगावर घेतो. विंचवाचे भारूड आठवा. तिथे विंचू चावलेला माणूस दुसरा कोणी नसून गाणाराच असतो. काम आणि क्रोध यांची नांगी त्यालाच लागलेली असते, वेदनेने तोच लोळत असतो आणि सत्त्वगुणाचा उतारा तोच शोधत असतो. भवानीआईला रोडग्याचा नवस बोलणारी बाई सासरच्या एकेका माणसाचा काटा काढायला सांगते तेव्हा सप्ताहाच्या मांडवात हशा पिकतो. पण ती माणसे म्हणजे आपल्याच मनातले विकार आहेत हे कळायला लागते, तसतसे ते हसू ऐकणाऱ्याच्या अंगावर येते. भारूड या शब्दाचा संबंध काही जण दोन तोंडांच्या भारुंड पक्ष्याशी लावतात. व्युत्पत्ती काहीही असो, प्रतिमा नेमकी आहे. एक तोंड हसवते आणि दुसरे हसणाऱ्याला विचारते की, तू कुठे आहेस?

इथे जाणकारांचा एक आक्षेप येईल. भारूड हे अध्यात्माचे रूपक आहे, त्याला सामाजिक उपहास म्हणणे म्हणजे आपल्या सोयीचा अर्थ त्यात भरणे होय. या आक्षेपात तथ्य आहे. नाथांचे अंतिम लक्ष्य मोक्षच होते. पण रूपक चालायला त्याचा वरचा थर खरा असावा लागतो. नाथांनी अर्जदस्त, जाबचिठ्ठी, ताकीदपत्र, अभयपत्र असे कचेरीतल्या कागदांचे घाट घेऊन भारुडे रचली. जीव हा जणू रयत, देह हा गाव, आणि वरून धन्याचे बोलावणे येणार अशी त्यांची मांडणी. फार्सी शब्दांनी भरलेली ही दरबारी मराठी श्रोत्याला समजली आणि तिचा धाक त्याला जाणवला, कारण गावगाड्यातला वसुलीचा तगादा, हिशेबातली लबाडी आणि वरच्या हुकमाची भीती तो रोज भोगत होता. म्हणजे पारमार्थिक अर्थ सामाजिक अनुभवाच्या पाठीवर बसूनच चालत होता. याहून महत्त्वाचा पुरावा जोहारांचा आहे. नाथांच्या सुमारे तीनशे भारुडांपैकी चाळीसहून अधिक महाराच्या भूमिकेतून बोलतात. गावाच्या वेशीबाहेर राहणारा, पाटलाला जोहार घालणारा माणूस त्यांत गावाला त्याचा हिशेब ऐकवतो आणि यमाजीच्या बोलावण्याची आठवण देतो. पैठणच्या विद्वान ब्राह्मण घराण्यातला कवी ही जागा स्वतः घेतो, आणि शुद्धतेचा अभिमान बाळगणाऱ्या श्रोत्याला उपदेश ऐकायचा तर तो महाराच्या तोंडून ऐकावा लागतो. डावस गुलाम आणि जोहार घालणारा महार यांचे नाते इथे आहे. ज्याचे बोलणे ऐकायची समाजाला सवय नाही, त्यालाच न्यायाधीशाच्या जागी बसवायचे.

कसोटीची खरी परीक्षा जुव्हेनलपाशी होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस आणि दुसऱ्याच्या आरंभी लिहिणाऱ्या या कवीची सोळा उपहासकाव्ये आपल्याकडे आहेत, आणि जनतेला धान्य आणि खेळ दिले की तिला दुसरे काही नको असते, हे त्याचे निरीक्षण जगभर वापरले जाते. त्याचा आवाज संतापाचा आहे. पण संताप सगळीकडे सारखा फळत नाही. सहाव्या काव्यात तो बायकांवर, तिसऱ्यात रोममध्ये आलेल्या परक्यांवर शिव्यांची रास ओततो. तिथे रोमन पुरुष श्रोत्याला स्वतःकडे पाहायचे काही कारणच उरत नाही. दोष सगळा दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या लिंगाच्या माणसांत. या कविता आज वाचताना त्यांतली बुद्धी दिसते, पण नीती सापडत नाही. त्याच कवीचे पाचवे काव्य घ्या. श्रीमंत यजमान एकाच पंगतीत स्वतःसाठी उत्तम मासे, मऊ भाकरी आणि जुनी मद्ये ठेवतो, आश्रिताला शिळे आणि कुबट वाढतो. जुव्हेनल यजमानावर तुटून पडतो, पण शेवटी वळतो तो आश्रिताकडे, आणि असा अपमान गिळून पुन्हा त्याच दारात जाणारा तूच त्याला पात्र ठरतोस, असे त्याला सुनावतो. आठव्या काव्यात पूर्वजांच्या पुतळ्यांवर जगणाऱ्या घराणेदारांना तो विचारतो की, सद्गुणाशिवाय कुळाचे मोल किती? इथे वाचकाला पळायला वाट उरत नाही. कवी तोच, संतापही तोच. फरक एवढाच की एका जागी तो वाचकाला बाहेर ठेवतो आणि दुसऱ्या जागी आत ओढतो.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. प्रत्येक उपहासाने ऐकणाऱ्याला दोषात सामील करावे असे म्हटले, तर पीडक आणि पीडित एका रांगेत येतात. आपण सगळेच थोडे थोडे दोषी असे म्हणत मोठा अपराधी निसटतो. हा धोका खरा आहे, आणि रोडग्याच्या भारुडावर हसणाऱ्या सासरच्या मंडळींनी तो अनेकदा खरा करूनही दाखवला आहे. पण कसोटीचा अर्थ दोष सारखा वाटणे असा नाही. समोर जो बसला आहे त्याच्या वाट्याचा दोष त्याला दाखवणे, एवढाच तिचा अर्थ. समोर सत्ता भोगणारा असेल तर सत्तेचा, सोसणारा असेल तर सोसून गप्प राहण्याचा. आंबेडकरी जलशांनी हे काम महाराष्ट्रात फार ताकदीने केले. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत भीमराव कर्डकांसारख्या कलावंतांनी उभ्या केलेल्या या जलशांचा रोख अस्पृश्यता पाळणाऱ्यांवर होताच, पण आपल्याच वस्तीतल्या देवभोळेपणावर आणि शिक्षणाकडे होणाऱ्या दुर्लक्षावरही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे बोट ठेवले. त्यामुळे त्यांचा वरच्यांवरचा वार बोथट झाला नाही, उलट विश्वासार्ह झाला. लातूरच्या निलंग्यापासून फार दूर नसलेल्या बसवकल्याणात बाराव्या शतकात बसवेश्वरांनी वचनांतून कर्मकांडाची अशीच झाडाझडती घेतली. इतरांचा ढोंगीपणा उघडा करणारे बसवेश्वर अनेक वचनांत स्वतःलाही तितक्याच कठोरपणे तपासतात. म्हणूनच आठशे वर्षांनंतरही सीमेच्या दोन्ही बाजूंचा लिंगायत समाज त्या वचनांकडे वाद मिटवायला जातो.

आणि तरीही कोणी विचारेल की, या सगळ्याने बदलले काय? हा प्रश्न मराठवाड्यात विचारताना आवाज खाली आणावा लागतो. चारशे वर्षे जोहार गायिले गेले. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला, आणि त्याच मातीत दलित वस्त्या जाळल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. नामविस्तारासाठी १४ जानेवारी १९९४ पर्यंत वाट पाहावी लागली. ज्या गावांत सप्ताह बसतात, दिंड्या निघतात, भारुडावर माना डोलतात, त्या पट्ट्यात हे घडले. उपहास समाज बदलतो अशी ग्वाही यानंतर कोणीही देऊ नये. पण यातून निघणारा निष्कर्ष भारुडाच्या विरुद्ध जात नाही, आपल्या ऐकण्याच्या विरुद्ध जातो. जोहार आपण ऐकला तो दुसऱ्याच्या सोंगाची गंमत म्हणून. महाराच्या तोंडून आलेला हिशेब आपल्या खात्याचा आहे हे आपण ऐकलेच नाही. औषध कपाटात राहिले तर रोग हटत नाही. त्यावरून औषध खोटे ठरत नाही. उपहास समाजाला धक्का देऊन बदलत नाही, तो बदलाची वेळ येते तेव्हा ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ ही सबब काढून घेतो. कायदा, चळवळ आणि शिक्षण यांची जागा तो घेऊ शकत नाही, आणि त्याने ती मागूही नये.

या कसोटीवर आजचा आपला उपहास तोलून पाहावा. वर्तमानपत्रांतल्या वात्रटिका, कविसंमेलने, भ्रमणध्वनीवर फिरणारे रील, यांत उपहासाचा सुकाळ आहे. पण त्यातला बराचसा राजकारणी या निनावी प्राण्यावर असतो, ज्यावर सगळे हसतात आणि कोणालाच काही लागत नाही. तो राजकारणीही व्यासपीठावर बसून टाळ्या वाजवतो. दुसरा मोठा वाटा बायकोवर, जाड बाईवर, अडाणी खेडुतावर आणि अलीकडे आपल्या मराठवाडी बोलीवर असतो. पहिला प्रकार निरुपद्रवी, दुसरा प्रकार जुव्हेनलच्या सहाव्या काव्याचा वारसदार. मराठवाड्याला दुसरी वाट ठाऊक नाही असे नाही. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातून आलेले आणि २०१४ साली सासवडच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फ. मुं. शिंदे यांनी लोकांना खळखळून हसवले आणि आईवरची कविता लिहून त्याच लोकांचे डोळेही पाणावले. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य राहिलेले नरहर कुरुंदकर (१९३२ ते १९८२) उपहासकार नव्हते, पण मनुस्मृतीची कठोर चिकित्सा करताना त्यांनी ज्या समाजात आपण जन्मलो त्याच्याच पोथीवर आधी हात ठेवला. आपल्या बाजूची झडती आधी, ही शिस्त या मातीतली आहे.

विषयांचीही उणीव नाही. दुसऱ्या सगळ्या दोषांत मुले आपोआप आईबापांची नक्कल करतात, लोभ मात्र त्यांना आईबाप बजावून शिकवतात, असे जुव्हेनलने चौदाव्या काव्यात मांडले आहे. दहावी-बारावी आणि वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी राज्यभर नाव झालेल्या ‘लातूर पॅटर्न’च्या शहरात हे काव्य आज लिहिल्यासारखे वाटते. त्या पॅटर्नने ग्रामीण मुलांना दारे उघडली हे खरे, आणि मुलाच्या झोपेपेक्षा, त्याच्या आवडीपेक्षा गुणपत्रिका मोठी मानणारे घर उभे राहिले हेही खरे. त्यावरचे भारूड विद्यार्थ्याचे सोंग घेणार नाही, बापाचे घेईल. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, तेव्हा देशभर त्या गाडीची बातमी झाली. सरकारवर बोलायला भरपूर जागा होती आणि ती वापरली गेली. पण पाऊस कमी, तरी ऊस वाढता, आणि विंधनविहिरी शेजाऱ्याहून खोल नेण्याची शर्यत, याचा हिशेब मांडणारा जोहार कोणी घातला? निवडणुकीच्या तोंडावरच्या जेवणावळीत वाढणाऱ्यावर आपण हसतो. जुव्हेनलचे पाचवे काव्य आपल्याला ताटावर बसलेल्याकडे पाहायला सांगते.

म्हणून ज्यांच्या हाती हे साधन आहे त्यांना विनंती आहे. सप्ताह बसवणाऱ्या मंडळींनी भारूडकाराला वेळ भरण्यासाठी बोलावू नये. त्याला गावाचा एक प्रश्न द्यावा आणि त्याचे सोंग गावातल्या प्रतिष्ठितांच्या अंगावर आले तरी माईक बंद करू नये. मार्गशीर्षात भरणाऱ्या माळेगावच्या यात्रेत कलावंतांना व्यासपीठ मिळते, तिथे जुन्या रचनांबरोबर नव्या भारुडांनाही जागा मिळावी. शाळा-महाविद्यालयांनी जोहार आणि अर्जदस्त शिकवताना त्यांतला मोक्ष सांगावा, आणि त्यांतला गावगाडाही झाकू नये. वात्रटिका लिहिणाऱ्यांनी दर ओळीला स्वतःला विचारावे की, हिच्यावर हसणारा वाचक तिच्यात आहे की बाहेर? आणि आपण श्रोत्यांनी हसून झाल्यावर क्षणभर थांबावे. विंचू चावलेला माणूस मांडवात नाचतो तेव्हा विंचवाची नांगी शोधायला शेजाऱ्याकडे पाहायचे नसते. ती जागा आपल्याच अंगावर असते.